पाणी सोडून आलेलं कुळ

प्लास्टिकवरच्या चर्चेत आपण एक गफलत सुरुवातीलाच करून बसतो. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, टेरिकॉटची पँट, कुकरचं काळं हँडल आणि मासेमारीचं नायलॉनचं जाळं यांना एका रांगेत उभं करायचं आणि सगळ्यांना एकच निकाल सुनवायचा, अशी ही पद्धत. नियमही बहुतांशी जाडी किती मायक्रॉन, वस्तू कडक की लवचीक, वापर एकदाच की पुन्हापुन्हा, यांवर बेतलेले असतात. पण हा सगळा ऐवज एका घराण्यातला नाही. दुधाची पिशवी पॉलिथिनची. तिथे एथिलीनचे रेणू आपला दुहेरी बंध उघडून एकमेकांना जोडले जातात. जुळताना काही सांडत नाही आणि साखळीचा कणा सलग कार्बनचा बनतो. बहुवारिकांच्या या कुळाला पाठ्यपुस्तकं ‘समावेशन’ म्हणतात. बाटली, पँट, हँडल आणि जाळं दुसऱ्या कुळातलं, ‘संघनन’ कुळातलं. तिथे दोन रेणू जुळताना प्रत्येक सांध्यामागे एक लहानसा रेणू बाहेर पडतो, बहुतेक वेळा पाण्याचा. कचऱ्याचा विचार करताना हा फरक मायक्रॉनच्या जाडीपेक्षा मोठा आहे, असं माझं म्हणणं आहे. पाणी सोडून जुळलेला सांधा पाणी परत मिळालं की सुटू शकतो, आणि सुटल्यावर हाती मूळचा कच्चा माल येतो. सलग कार्बनच्या कण्याला ही सोय नाही. संघनन कुळाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा पाणी बाहेर काढण्याच्या आणि ते परत शिरू नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताचा इतिहास आहे. तो बंदोबस्त इतका चोख झाला की परतीची वाट मुळातच आहे, हे आपण विसरून गेलो.

हे कुळ माणसाने काढलेलं नाही. कापसातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंनी पाणी सोडत बांधलेली साखळी. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं, आणि त्यांतली अमिनो आम्लंही पाणी सोडूनच जुळलेली. माणसाच्या हातून या जातीचा पदार्थ घडल्याची जुनी नोंद १८४७ सालची आहे. स्वीडनच्या बर्झेलियसने टार्टारिक आम्ल आणि ग्लिसरीन यांपासून राळेसारखा एक पदार्थ मिळवला. त्या काळच्या रसायनज्ञाला स्फटिक मिळाला की आनंद व्हायचा. तळाशी चिकट गोळा उरला तर भांडं घासायचं एवढंच काम. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र अशाच एका गोळ्याला, ग्लिसरीन आणि थॅलिक आम्लाच्या राळेला, ‘ग्लिप्टल’ म्हणून गिऱ्हाईक मिळालं. १९०७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्स इथे लिओ बेकेलँडने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकलाइट बनवण्याच्या रीतीचं पेटंट मागितलं. त्याच्या आधी या दोन द्रव्यांवर काम करणाऱ्यांच्या हाती बहुधा फेसाळलेला, सच्छिद्र, ठिसूळ ऐवज लागत असे. बेकेलँडने बंद भांड्यात उष्णतेबरोबर दाबही दिला, म्हणून मालात फुगे धरले नाहीत. पाण्याशी झुंज इथेच सुरू झालेली दिसते, फक्त तिचं नाव अजून कोणी घेतलेलं नव्हतं.

नाव घेता येत नव्हतं, कारण या पदार्थांची अंतर्गत रचनाच ठाऊक नव्हती. हे प्रचंड लांबीचे एकसंध रेणू असतात, असं जर्मन रसायनज्ञ हेरमान श्टाउडिंगर १९२० पासून सांगत होता, आणि मान्यवर सहकारी ते मानायला तयार नव्हते. त्यांच्या मते रबर किंवा सेल्युलोज म्हणजे लहान रेणूंचे नुसते पुंजके. श्टाउडिंगरला नोबेल मिळालं ते थेट १९५३ मध्ये. वाद मिटवण्याची दुसरी रीत वॉलेस कॅरोदर्सने निवडली. हार्वर्ड सोडून १९२८ मध्ये तो अमेरिकेतल्या विल्मिंग्टन इथल्या ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत आला. आयत्या मिळालेल्या पदार्थाची चिरफाड करण्यापेक्षा लांब रेणू आपणच कडी-कडीने बांधावा, प्रत्येक सांधा नेहमीच्या, ओळखीच्या अभिक्रियेने जुळवावा, म्हणजे पुंजक्यांच्या सिद्धांताला जागाच उरणार नाही, असा त्याचा हिशेब. आम्ल आणि अल्कोहोल यांपासून पाणी निघून एस्टर बनतं, हे तर कॉलेजातल्या पोरालाही माहीत असतं. मग दोन्ही टोकांना आम्लगट असलेला एक रेणू आणि दोन्ही टोकांना अल्कोहोलगट असलेला दुसरा रेणू घेतला, तर साखळी वाढतच जायला हवी. १९२९ च्या निबंधात त्याने बहुवारिकांची समावेशन आणि संघनन अशी दोन कुळं वेगळी मांडली. तीच वाटणी आजही शिकवली जाते.

कागदावर साखळी वाढत जात होती, भांड्यात मात्र चार ते सहा हजार रेणुभारापाशी अडत होती. याआधी एमिल फिशरने सुमारे ४,२०० रेणुभारापर्यंत मजल मारली होती. तिच्या फार पुढे जाता येत नव्हतं. अडचणीचं मूळ साध्या गणितात आहे आणि ते गणित कॅरोदर्सच्याच नावाने ओळखलं जातं. जुळू शकणाऱ्या टोकांपैकी शंभरातली पंचाण्णव जुळली, तर साखळीत सरासरी अवघ्या वीस कड्या असतात. नव्याण्णव जुळली तर शंभर. साडेनव्याण्णव जुळली तर दोनशे. साध्या अभिक्रियेत पंचाण्णव टक्के उतारा म्हणजे कोणीही पाठ थोपटेल; इथे तेवढ्यात धागा सोडाच, धड मेणही होत नाही. सगळी कमाई शेवटच्या एक-दोन टक्क्यांत असते. आणि त्या एक-दोन टक्क्यांना नेमकं पाणीच आडवं येतं, कारण सांधा जुळण्याची आणि सुटण्याची क्रिया एकाच भांड्यात, एकाच वेळी चालू असते. बाहेर न पडलेला पाण्याचा प्रत्येक रेणू एखादा जुळलेला सांधा सोडवायला मोकळा असतो. या कुळातला सांधा दोन्ही दिशांनी चालतो, ही गोष्ट पुढे कचऱ्याच्या चर्चेत निघालेली नाही. कुळाच्या जन्माची पहिली अडचण तीच होती.

कॅरोदर्सच्या गटाने यावर एक खास ऊर्ध्वपातन-उपकरण वापरलं. तापलेला पदार्थ कडक निर्वातात ठेवायचा आणि त्याच्या अगदी जवळ थंड पृष्ठभाग ठेवायचा. सुटलेला पाण्याचा रेणू त्यावर जाऊन गोठतो आणि परत येत नाही. एप्रिल १९३० मध्ये ज्युलियन हिलने या उपकरणातून निघालेल्या पॉलिएस्टरमधून एक धागा ओढून काढला. रेणुभार बारा हजारांच्या वर गेला होता. थंड झाल्यावरही तो धागा ताणता येत होता. मूळच्या कित्येक पट लांब होई, आणि ताणल्यावर त्याला चकाकी आणि बळकटी येई. लांबच लांब रेणू ताणाच्या दिशेने ओळीत लागत होते. कृत्रिम धाग्याच्या उद्योगाचा उगम याच ताणात आहे. पण हा पहिला धागा कपड्याच्या कामाचा नव्हता. त्यातली आम्लं सरळ, लवचीक कार्बनशृंखलेची. म्हणून पॉलिएस्टर शंभर अंशांच्याही खाली वितळे, धुलाईच्या द्रावकांत विरघळे आणि पाण्यापुढे टिकत नसे. गटाने ती जात बाजूला ठेवली. अल्कोहोलच्या जागी अमाइन घेतलं, २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन ६,६ हाती आलं, आणि १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर स्त्रियांच्या मोज्यांची विक्री सुरू झाली. ती पाहायला कॅरोदर्स उरला नव्हता; एप्रिल १९३७ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात त्याने आत्महत्या केली. नायलॉनची कथा पुष्कळांनी सांगितली आहे, तेव्हा इथे तिचा विस्तार नको. बाजूला टाकलेल्या त्या विरघळणाऱ्या पॉलिएस्टरची आठवण मात्र ठेवायला हवी.

इंग्लंडातल्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापड छापणाऱ्या संस्थेच्या लँकशायरमधल्या लहानशा प्रयोगशाळेत जॉन रेक्स विनफिल्ड काम करत होता. कॅरोदर्सचे छापील निबंध वाचताना त्याला त्यातली एक मोकळी जागा दिसली. ग्लिप्टलमधल्या थॅलिक आम्लात बेंझीनच्या षट्कोनाला दोन आम्लगट शेजारी-शेजारी चिकटलेले असतात, त्यामुळे त्या रेणूला बाक असतो. त्याच अणूंचं दुसरं भावंड म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल. त्यात हे दोन गट बरोब्बर समोरासमोर असतात. असा सरळ, सममित, ताठ रेणू साखळीत बसवला तर साखळ्या एकमेकींना खेटून बसतील आणि धागा उष्णतेला दाद देणार नाही, हा विनफिल्डचा तर्क. १९४१ मध्ये त्याने आणि जेम्स टेनंट डिक्सन याने टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांपासून पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट बनवलं. आज बाजारात त्याला नुसतं ‘पेट’ म्हणतात. ते सुमारे २६० अंशांना वितळतं, नेहमीच्या द्रावकांना भीक घालत नाही, आणि नेहमीच्या तापमानाला पाण्यात भिजत पडलं तरी ढिम्म हलत नाही. कॅरोदर्सच्या पॉलिएस्टरमध्ये आणि या पॉलिएस्टरमध्ये सांधा तोच आहे, एस्टरचा. बदलला तो सांध्याचा शेजार. बेंझीनच्या कड्यांनी तो असा दाटीत कोंडला की पाण्याला तिथवर पोचायला फटच राहिली नाही.

युद्धामुळे शोध काही काळ झाकलेला राहिला. पुढे आयसीआयने तो टेरिलीन नावाने आणि ड्युपॉन्टने डेक्रॉन नावाने बाजारात आणला. आपल्याकडे १९६० च्या दशकात ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात ‘टेरीन’ बनू लागलं. टेरिकॉट हा त्याचा सुती धाग्याशी जमलेला संसार. घडी न मोडणारी पँट पगारदार घरात प्रतिष्ठेची झाली. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा इथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला, आणि प्रतिष्ठेची वस्तू हळूहळू स्वस्ताईची झाली. मालेगावच्या यंत्रमागांवर निघणारी पॉलिएस्टर साडी त्याच स्वस्ताईवर उभी आहे. बाटली हा या घराण्यातला उशिराचा जन्म. ड्युपॉन्टमधल्या नॅथॅनिएल वाएथने पेटच्या बाटलीचं पेटंट १९७३ मध्ये मिळवलं. धागा एका दिशेने ताणून बळकट होतो, तसा बाटलीचा पत्रा उभा आणि आडवा दोन्ही दिशांनी ताणला, तर सोड्याच्या दाबालाही पातळ भिंत पुरते, ही त्याची युक्ती. आज बाटलीच सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. पण जगात बनणाऱ्या पेटचा मोठा वाटा कापडात जातो, आणि जगातल्या एकूण धाग्यात निम्म्याहून अधिक धागा पॉलिएस्टरचा असतो.

पाण्याचा हिशेब कारखान्यात रोज मांडला जातो. १६६ किलो टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ६२ किलो ग्लायकॉल जुळलं की १९२ किलो पेट मिळतं आणि ३६ किलो पाणी निघून जातं. वीस ग्रॅमच्या बाटलीमागे पावणेचार ग्रॅम. हे पाणी बाहेर काढण्यासाठी शेवटी २७० ते २९० अंश उष्णता, कडक निर्वात आणि बहुधा अँटिमनीचं उत्प्रेरक लागतं. बाटलीला धाग्यापेक्षा लांब साखळी हवी. म्हणून तयार दाणा पुन्हा दोनशेच्या वर अंशांवर, न वितळवता, तासन्‌तास नायट्रोजनच्या झोतात किंवा निर्वातात ठेवून उरलंसुरलं निपटून काढतात. आणि एवढा खटाटोप करून झालेला दाणा गोणीत पडून राहिला की हवेतला दमट ओलावा हळूच शोषून घेतो, वजनाच्या ०.२ टक्क्यांपर्यंत. हाताला तो कोरडाच लागतो. पण तसाच वितळवला तर काय होतं ते मांडून पाहावं. किलोमागे दोन ग्रॅम पाणी म्हणजे जितके रेणू होतात, ते त्या किलोभर मालातल्या साखळ्यांच्या संख्येच्या पावणेतीन पट भरतात. पाण्याचा एक रेणू एक सांधा तोडतो. म्हणजे पंचवीस हजार सरासरी रेणुभाराची साखळी मोल्डिंग मशीनच्या बॅरलमध्ये काही मिनिटांत साडेसहा हजारांपर्यंत येते आणि माल कवडीमोल होतो. म्हणून बाटलीचा प्रीफॉर्म पाडणाऱ्या प्रत्येक मशीनच्या डोक्यावर ड्रायरचा हॉपर असतो. १६०-१७० अंशांच्या कोरड्या हवेत चार ते सहा तास दाणा सुकवून ओलावा दहा लाखांत पन्नास भागांच्या खाली आणल्याशिवाय तो पुढे सोडत नाहीत. शेजारच्या मशीनवर पॉलिथिनचा दाणा गोणीतून थेट ओतला जातो. दोन कुळांमधला फरक शॉपफ्लोअरवरच्या ऑपरेटरला विजेच्या बिलात दिसतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. पाण्याने सांधा सुटतो म्हणता, मग नाल्यात वर्षानुवर्षं पाण्यात बुडालेली बाटली जशीच्या तशी कशी? उत्तर तापमानात आहे. पेटमधल्या साखळ्या सुमारे ७० ते ८० अंशांच्या खाली थिजलेल्या असतात; त्यांना जागचं हलता येत नाही, म्हणून पाणी आतपर्यंत पोचत नाही. त्या उंबरठ्याच्या वर साखळ्या सैलावतात आणि काम सुरू होतं. वाट आहे, पण तिचं दार तिशीच्या तापमानाला बंद असतं. (पोस्टरवर ‘बाटली कुजायला साडेचारशे वर्षं’ असं बिनदिक्कत छापतात. पेटची बाटली जन्माला येऊन अजून साठ वर्षंही झालेली नाहीत. हा आकडा कोणी मोजलेला नाही, अंदाजाने बांधलेला आहे.) शिवाय टिकणं हा काही कृत्रिमपणाचाच गुण नाही. इजिप्तमध्ये तारखान इथे सापडलेला जवसाच्या धाग्याचा पोशाख पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. तिथल्या कोरड्या कबरीत सेल्युलोजलाही पाणी मिळालं नाही, मग ते कुजवणारे जंतूही फिरकले नाहीत. जंतूंच्या बाजूनेही हाच निष्कर्ष निघतो. जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये साकाई इथल्या बाटल्यांच्या कचऱ्याच्या आवारात पेट खाणारा जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं. त्याची विकरं सांध्यात पाणीच घालतात, पण कोमट तापमानाला फार मंदपणे. २०२० मध्ये फ्रेंच संशोधकांनी पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून मिळालेल्या एका विकरात फेरफार करून दहा तासांत नव्वद टक्के पेट मूळ घटकांत उतरवलं, ते ७२ अंशांवर, म्हणजे नेमकं त्या उंबरठ्यापाशी. पॉलिथिनच्या सलग कण्यापुढे असं विकर हतबल आहे; त्याला धरायला सांधाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. कुकरचं हँडल संघननानेच बनतं, ते कुठे परत येतं? येत नाही, हे कबूल करायला हवं. बेकलाइट बनताना पाणी बाहेर पडलं खरं, पण मागे राहिलेला पूल कार्बन-कार्बनचा आहे, आणि तो तिन्ही दिशांनी जाळ्यासारखा विणलेला. त्याला पाणी सोडवू शकत नाही आणि उष्णता वितळवू शकत नाही. फार तर दळून नव्या मालात भरताड म्हणून घालता येतं. म्हणजे परतीचा निकष ‘पाणी सुटलं का’ एवढाच ठेवून चालणार नाही. जाताना पाण्याने मागे कोणता सांधा ठेवला, हेही विचारावं लागतं. एस्टर आणि अमाइड यांचे सांधे परतणारे, बेकलाइटचा नाही. उलट नायलॉन ६ हे पदार्थ बनवण्याच्या रीतीने काटेकोरपणे संघननात मोडत नाही. जर्मनीत पाउल श्लाकने १९३८ मध्ये ते कॅप्रोलॅक्टमचं कडं उघडून बनवलं, पाणी न सोडता. पण सांधा अमाइडचाच असल्याने त्यातून कॅप्रोलॅक्टम परत मिळवता येतं, आणि जुन्या गालिच्यांपासून तसं मिळवलंही गेलं आहे. कुळाच्या नावापेक्षा सांधा पाहावा, एवढी दुरुस्ती मी माझ्या म्हणण्यात करतो. त्याने मुद्दा पातळ होत नाही, उलट नेमका होतो.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. ‘रासायनिक पुनर्चक्रण’ हा शब्द उत्पादकांना फार सोयीचा आहे: आणखी बनवू द्या, पुढे सगळं सुटं करून परत आणू. सुटं करता येतं, यात खोटं काही नाही. ग्लायकॉलमध्ये २०० अंशांच्या आसपास शिजवलं की पेटच्या साखळ्या तुटून लहान एस्टर मिळतात. मिथेनॉल वापरून दाबाखाली दुसरा एस्टर मिळतो. दोन्ही शुद्ध करून नव्याने साखळी बांधता येते. पण त्याला इंधन लागतं, आणि त्याहून जास्त, निवडलेला माल लागतो. आपल्याकडे बाटली परत येते ती रसायनशास्त्राच्या कृपेने येत नाही. कचरावेचक बाई ती उचलते, भंगारवाला किलोवर घेतो, म्हणून येते. पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत हे श्रम शहराच्या हिशेबात धरायला लावण्यासाठीच झगडत आली आहे. पुढच्या कारखान्यात बाटल्यांचे तुकडे पाण्याच्या टाकीत टाकतात. पेट पाण्याहून जड म्हणून बुडतं, झाकणांचं प्लास्टिक हलकं म्हणून तरंगतं. पीव्हीसीचं लेबल मात्र पेटबरोबरच तळाशी जातं, पुढे उष्णतेत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, आणि ते आम्ल पेटचे सांधे तोडायला पाण्याला हातभार लावतं. हजारो बाटल्यांच्या ढिगात थोडीशी लेबलं माल बिघडवायला पुरतात. स्वच्छ, एकजात बाटलीला शिजवण्याची गरजच नाही. ती धुऊन, सुकवून, वितळवून पुन्हा वापरणं स्वस्त आणि शहाणपणाचं. आपल्या देशात वर्षानुवर्षं तिचा धागा होत आला, कारण खाद्यपदार्थांच्या वेष्टनाला पुनर्चक्रित पेट चालत नव्हतं. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनी ती वाट उघडली. धागा झालेली बाटली मात्र तिथेच अडकते. कापड रंगवलेलं असतं, सुताशी मिसळलेलं असतं, इलॅस्टिक घातलेलं असतं, बटणं शिवलेली असतात. वितळवण्याचा सोपा मार्ग इथे संपतो, आणि सांधा सोडवण्याची महाग रीत खरी इथेच कामाला यायला हवी. उद्योग ती जाहिरातीत बाटलीसाठी दाखवतो. गरज टेरिकॉटला आहे. मिश्र कापडात किती टक्के काय आहे हे लेबलवर ठळक असणं, आणि पीव्हीसीला बाटलीच्या जवळपास फिरकू न देणं, हे दोन नियम मायक्रॉनच्या चार नियमांपेक्षा जास्त काम करतील.

एका ठिकाणी हे सगळं म्हणणं लागू पडत नाही. पॉलिएस्टरचं कापड धुताना त्यातून निसटणारे बारीक तंतू आणि शेतात मातीत मिसळणारे तुकडे कोणत्याच कारखान्यात परत आणता येत नाहीत. जो माल गोळाच होणार नाही, त्याला बंद दाराचं पॉलिएस्टर देऊन उपयोग काय? तिथे कॅरोदर्सने बाजूला ठेवलेल्या शाखेकडे वळावं लागतं. सरळ शृंखलेची, पाण्याला आणि जंतूंना वाट देणारी पॉलिएस्टरं आज ‘विघटनशील’ म्हणून विकली जातात. १९३० मधला त्यांचा अवगुण हाच त्यांचा भाव ठरला. पण पॉलिब्युटिलीन सक्सिनेटसारखा त्यातला पदार्थ सुमारे ११५ अंशांना वितळतो. त्याचा सदरा शिवला तर इस्त्रीखाली चिकटेल. सदऱ्याला विनफिल्डचा ताठ रेणूच हवा. दोन्ही शाखांची सोयरीक करून पीबॅट नावाचं पॉलिएस्टर १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं: त्यात लवचीक ॲडिपिक आम्ल आणि ताठ टेरेफ्थॅलिक आम्ल दोन्ही असतात. टेरेफ्थॅलिकचा वाटा निम्म्याच्या आसपास ठेवला तर फिल्म मजबूत निघते आणि मातीतले जंतू तिला खातातही. वाटा वाढवला की फिल्म अधिक ताठ होते, पण जंतू तोंड फिरवतात. टोमॅटो, मिरची, कलिंगडाच्या गादीवाफ्यावर महाराष्ट्रात अंथरला जाणारा मल्चिंग पेपर आज बहुतेक पॉलिथिनचा असतो. हंगाम संपला की शेतकरी तो ओढून काढतो, फाटलेल्या चिंध्या मातीत राहतात आणि उरलेला बांधावर जळतो. पीबॅटचा पेपर नांगराखाली मातीत घालता येतो. तो महाग पडतो, आणि पॉलिथिन ओढून काढायची मजुरी व मातीत राहणाऱ्या चिंध्यांचं नुकसान या दोन रकमा त्याच्या किमतीशेजारी क्वचितच मांडल्या जातात.